गोरेवाड्याचा वाघ

वणीहून मुलांना घेऊन नागपुरास जाणारीं कुटुंबें हल्लीं गोरेवाड्याची एक फेरी करून येतात. शहराच्या वायव्येस, जुन्या गोरेवाडा तलावालगतच्या रानांत, २६ जानेवारी २०२१ रोजीं हें प्राणिसंग्रहालय खुलें झालें. येथें माणसें गाडींत बंद असतात आणि वाघ, बिबटे व अस्वलें विस्तीर्ण कुंपणाच्या आंत हिंडत असतात. वाघ जवळून दिसण्याची व त्याचें छायाचित्र मिळण्याची आशा येथें खऱ्या अरण्यापेक्षां पुष्कळच अधिक.

तथापि मुलांच्या हातीं कॅमेरा देण्यापूर्वीं वडील मंडळींनीं त्यांना एक गोष्ट अवश्य सांगावी. याच रानांत वन्यप्राण्यांचें बचाव-केंद्र आहे. जखमी झालेले, आईवेगळे झालेले, किंवा माणसांशीं झगडा होऊन पकडावे लागलेले प्राणी तेथें आणले जातात. हा झगडा आपणांस परका नाहीं. आपल्याच जिल्ह्यांत, राळेगांव-पांढरकवडा भागांत, तेरा जणांच्या मृत्यूचा ठपका जिच्यावर होता ती अवनी वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्रीं गोळीनें मारली गेली आणि तिचे दोन बछडे पोरके झाले. त्या तेरा घरांचें दुःखही तितकेंच खरें. वणीभोंवतीं कोळशाच्या खाणी, कपाशीचीं शेतें आणि रान एकमेकांस खेटून आहेत; शेतांत एकट्या राबणाऱ्या बाईला वाघ दिसतो, तेव्हां ती तसबीर काढीत नाहीं.

टिपेश्वर किंवा ताडोबा येथें वाघ दिसणें नशिबावर असतें, आणि तेंच योग्य. नशीब आपल्या हातीं घेण्याचा हव्यास काय करतो, हें ३१ डिसेंबर २०२४ रोजीं उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यांत दिसलें. पर्यटकांच्या गाड्यांनीं एका वाघिणीची व तिच्या पांच बछड्यांची वाट अडविली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें त्याची स्वतः होऊन दखल घेतली.

म्हणून मुलांना एवढें शिकवावें: ओरडूं नये, हात बाहेर काढूं नये, कॅमेऱ्याचा झोत पाडूं नये, आणि गाडी आणखी पुढें घेण्याचा आग्रह चालकास करूं नये. आधीं क्षणभर डोळे भरून पाहावें, छायाचित्र मागाहून. महाभारताच्या उद्योगपर्वांत वन आणि वाघ यांना परस्परांचे रक्षक मानिलें आहे. परततांना गाडींत मुलांना तें अवश्य समजावून सांगावें.