वहीतली पाच वर्षं

चिखली-तळवड्याच्या कारखान्यांत 'ईटीएफ' हा शब्द फारसा कुणाच्या तोंडी नसतो. तरी ऑगस्ट 2015 पासून पीएफच्या नव्या जमेतला काही भाग निफ्टी-सेन्सेक्सच्या ईटीएफमध्ये, म्हणजे निर्देशांकामागे चालणाऱ्या फंडांत, जातोच. आधी 5 टक्के, 2017 पासून 15. ते कळलं तेव्हा मी पगारातून थोडं थोडं निफ्टीबीज, म्हणजे निफ्टीचाच एक ईटीएफ, घ्यायला लागलो आणि सेकंड शिफ्टला निघण्याआधी त्याचा आरएसआय वहीत टिपायला लागलो. 1978 साली हे गणित मांडणारा वेल्स वाइल्डर मूळचा मेकॅनिकल इंजिनिअर, याचं मला फार अप्रूप होतं. 14 दिवसांची सरासरी वाढ एकीकडे, सरासरी घट दुसरीकडे. आकडा 70 च्या वर गेला की खरेदीचा अतिरेक, 30 च्या खाली गेला की विक्रीचा.

पहिला धडा डिसेंबर 2019 चा. निफ्टीबीजच्या एका युनिटची दहा झाली, भाव हजाराच्या पुढून सव्वाशेच्या आसपास आला आणि माझा आरएसआय तळाला गेला. निफ्टी मात्र उच्चांकाजवळच होता. तेव्हापासून मी हे गणित ईटीएफच्या भावावर न करता थेट निर्देशांकावर करतो.

दुसरा धडा महाग पडला. 9 मार्च 2020 ला निफ्टी 10,451 वर बंद झाला, आरएसआय 30 च्या बराच खाली. आता वळेल म्हणून साठवलेले सगळे पैसे घातले. 23 मार्चला निफ्टी 7,610. आणखी 27 टक्के घसरण, आणि हातात एक पैसा नाही. त्याच वर्षी 24 नोव्हेंबरला निफ्टी 13,055 वर, आरएसआय 70 च्या वर. भ्यालो, निम्मी युनिटं विकली. पुढच्या ऑक्टोबरात निफ्टीनं 18,400 ओलांडले. चढाला लागलेल्या बाजारात 70 चा आकडा आठवडेच्या आठवडे टिकतो आणि तो ताकदीचा असतो, हे मला तेव्हा उमगलं.

2024 च्या ऑक्टोबरात आठवड्याच्या तक्त्यावर एमएसीडी या दुसऱ्या गणिताची रेष तिच्या सिग्नल रेषेच्या खाली उतरली. त्या महिन्यापासून फेब्रुवारीपर्यंत सलग पाच महिने निफ्टी घटत गेला. यंत्र बरोबर होतं. पण ते निफ्टीच्या वेगाबद्दल सांगत होतं. माझा फंड निफ्टीच्या किती जवळून चालतो, खर्च किती खातो, बाजारभाव एनएव्हीपासून, म्हणजे युनिटच्या खऱ्या मूल्यापासून, किती सरकतो, यातलं काहीच त्यात येत नाही. वहीत आता त्या तीन गोष्टींचे रकाने आधी आहेत, आरएसआय शेवटी. निफ्टीबीजचा हप्ता दर महिन्याच्या 7 तारखेला जातो, पगार झाला की.