कळा, बोर्ड आणि बाळ : नाचणाऱ्या आईची गोष्ट नेमकी काय सांगते?

मलकापूर (ता. शाहूवाडी) : गावजत्रा जवळ आली की पारावर एकच चर्चा, यंदा कोणाचा तमाशा? आणि तमाशाचा विषय निघाला की विठाबाई नारायणगावकरांचा तो किस्सा निघतोच.

काय आहे किस्सा?
नऊ महिन्यांच्या गरोदर विठाबाई बोर्डावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या. त्या आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ ठेचली आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या. पोट दिसेना, तेव्हा प्रेक्षकांना उमगलं आणि त्यांनीच खेळ थांबवायला लावला, असं सांगतात.

नृत्यात आई कशी दिसते?
कथक, भरतनाट्यममध्ये आई म्हटलं की बहुतेक वेळा यशोदा. लोण्याची चोरी, लटका राग, वात्सल्य. आधुनिक नृत्याने त्यापलीकडे पाहिलं. इसाडोरा डंकन या अमेरिकन नर्तकीची दोन मुलं 1913 मध्ये पॅरिसला मोटार सीन नदीत पडून बुडाली. पुढे 1920 च्या दशकात तिने 'मदर' हे एकल नृत्य रचलं. त्यात नटवेपणा नाही. जमिनीजवळ झुकलेलं शरीर, नसलेल्या मुलांना कुरवाळणारे हात आणि शेवटी निरोप. समकालीन नृत्यात आजही आईचं थकलेलं, दुखरं शरीर हाच विषय होतो.

मग फरक कुठे?
इसाडोराने दुःखाचं नृत्य केलं, तेही स्वतः ठरवून. विठाबाईंच्या नृत्याचा विषय आईपण नव्हताच. समोर तिकीट काढलेले लोक होते आणि मागे फडाची पोटं. आपण त्याला 'कलेवरची निष्ठा' म्हणतो. पण ती सुट्टी नसलेल्या कामगार बाईचीही गोष्ट आहे.

कायदा काय सांगतो?
1961 च्या मातृत्व लाभ कायद्याच्या कक्षेत कारखान्यांसोबत कसरती आणि इतर खेळांचे प्रयोग करणाऱ्या आस्थापनाही होत्या. 2017 मध्ये पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा 12 वरून 26 आठवडे झाली. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. अट एकच मोठी : आधीच्या 12 महिन्यांत किमान 80 दिवस काम. दसरा ते बुद्धपौर्णिमा हा तमाशाचा हंगाम सुमारे सात महिन्यांचा, म्हणजे दिवस भरतात. अडतं ते कागदावर. फडात व्यवहार चालतो 'उचल'वर. हंगामाआधी घेतलेली रक्कम नाचून फेडायची. तिथे रजा मागणार कोण आणि कोणाकडे?

पुढे काय झालं?
विठाबाईंना 1957 आणि 1990 मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवण्यात आलं. अखेरचा काळ मात्र हलाखीत गेला. 15 जानेवारी 2002 रोजी त्यांचं निधन झालं. आज राज्य सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. कन्या मंगला बनसोडे यांनी फडाची परंपरा पुढे नेली.

जत्रेत हा किस्सा पुन्हा निघेल. तेव्हा टाळी जरूर द्या, पण यंदाच्या फडात एखादी गरोदर असेल, तर तिची उचल कोण फेडणार, हेही विचारा.