धंदा करायचाय? मग हे जुने पिक्चर वही घेऊन बघा



मागच्या महिन्यात राहूला गेलो होतो. दौंड तालुक्यातला हा सगळा उसाचा पट्टा, गुऱ्हाळ दिसायच्या आधी त्याचा वास येतो. एका गुऱ्हाळावर शूटिंग आटोपून चहा घेत बसलो होतो. तिथं गूळ पावडरचं युनिट टाकायच्या तयारीत असलेला एक पोरगा भेटला. म्हणाला, "सर, मोटिव्हेशन येईल असा एखादा पिक्चर सांगा ना."

मी म्हटलं, "मोटिव्हेशन तुझ्याकडं भरपूर दिसतंय. हिशेबाची वही आहे का?" तो नुसता हसला. म्हणजे नव्हती.

तरी मी त्याला पिक्चर सांगितले. तेच आज तुम्हाला सांगतो. फक्त एक अट आहे. बघताना हिरोकडे कमी बघायचं आणि पैशाकडे जास्त. पैसा कोणाचा लागलाय, आणि हिशेब कोण लिहितोय?

सुरुवात 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'पासून करा. परेश मोकाशींचा हा पिक्चर 2009चा, म्हणजे तसा जुना नाही, पण गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची आहे. दादासाहेब फाळके छपाईच्या धंद्यातल्या भागीदारीतून बाहेर पडलेले, वय चाळिशीचं, घरात पोरंबाळं. अशात माणूस सिनेमा बघतो आणि ठरवतो, हाच धंदा करायचा. आपल्यातले बरेच जण इथंच 'पॅशन, पॅशन' म्हणून टाळ्या वाजवतात. मला आवडतं ते पुढचं. फाळके 1912 साली लंडनला जाऊन काम शिकून आले, कॅमेरा मागवला. त्यासाठी विम्याची पॉलिसी तारण टाकली. पण अख्ख्या पिक्चरला लागणारं भांडवल कोण देणार? मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा लावला आणि रोप वाढताना थोडं थोडं चित्रण करत गेले. पडद्यावर मिनिटभरात कोंब फुटतो, वेल वर चढतो. ते बघून सावकार तयार झाला. याला आपण आज सॅम्पल म्हणतो! बँकेत शंभर पानी प्रोजेक्ट रिपोर्ट नेण्याआधी पाव किलो माल बनवून दाखवा, हे मी गळा सुकेपर्यंत सांगतो. फाळक्यांनी ते 1912 सालीच करून दाखवलंय.

आणि सरस्वतीबाईंकडे नीट बघा. फिल्मला भोकं पाडणं, फिल्म धुणं, सगळ्या युनिटचा स्वयंपाक, हे सगळं त्यांनी केलं. घरातल्या बाईचे कष्ट खर्चात धरत नाही, आणि मग म्हणतो 'माझं मार्जिन चांगलं आहे'. कसलं मार्जिन? तिची मजुरी लावून बघा एकदा.

'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी मुंबईत कोरोनेशन थिएटरात लागला. पण सुरतेत गल्ला जमेना. तिथल्या लोकांना दोन आण्यांत सहा-सहा तास नाटक मिळायचं, मग तीन आणे देऊन दीड तासाचा खेळ कोण बघणार? फाळक्यांनी दर कमी केला नाही. सत्तावन्न हजार फोटो, दोन मैल लांबीचं चित्र आणि तेही फक्त तीन आण्यांत, अशी जाहिरात केली. गर्दी झाली. माल तोच, दर तोच, फक्त गिऱ्हाइकाला काय मिळतंय ते मोजून सांगितलं.

पिक्चर यशावर संपतो. त्यानंतरचं मात्र माहिती असू द्या. 1918 साली नाशिकला भागीदारांबरोबर हिंदुस्थान कंपनी निघाली, मग भागीदारांशी खटके उडाले, फाळके काही काळ बाहेर पडले. 1944 साली गेले तेव्हा हाती फारसं काही राहिलं नव्हतं. भागीदारीचा करार भांडण होण्याआधी लिहायचा असतो, मित्रांनो.

दुसरा पिक्चर 'दो बीघा जमीन'. बिमल रॉय, 1953. बलराज साहनींचा शंभू समजतो की जमीनदाराचे 65 रुपये देणं आहे. घरातलं किडूक-मिडूक विकून तेवढे जमवतो. वहीत निघतात 235! पावती एकही नाही, वही समोरच्याकडे. पुढं कलकत्त्यात तो माणूस रिक्षा ओढतो, ते बघवत नाही. हा पिक्चर मी दुसऱ्यांदा पूर्ण बघू शकलो नाही, कारण सांगतो. धंद्याच्या पहिल्या वर्षी मी एका व्यापाऱ्याला तोंडी बोलीवर माल दिला होता. चुलत्यांनी विचारलं, "चिठ्ठी घेतली का रं?" मी म्हटलं, "अण्णा, ओळखीतला आहे." ती उधारी आजतागायत यायची आहे.

दूधवाल्यांनी 'मंथन' सोडू नका. श्याम बेनेगल, 1976. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन-दोन रुपये घालून काढलेला पिक्चर, म्हणजे दहा लाख! डेअरीवर फॅट कमी लागलं म्हणून तुम्ही रोज वैतागता ना, तो फॅटचा नमुना इथं गोष्टीच्या मध्यभागी आहे. दुधाची खरी तपासणी कोणी करायची, यावरून गावातली सत्ता हलते. भारावून जाऊ नका मात्र. संस्था निघाल्यावर त्यात जात, राजकारण, रुसवेफुगवे कसे शिरतात, तेही बेनेगलांनी लपवलेलं नाही. शेतकरी उत्पादक कंपनी काढायचं मनात असेल तर संचालक मंडळाने एकत्र बसून बघावा.

जब्बार पटेलांचा 'सामना' धंद्याचा पिक्चर नव्हे. पण साखर पट्ट्यातल्या माणसानं निळू फुल्यांचा हिंदुराव बघितलाच पाहिजे. बंगला, खाणंपिणं, मान, सगळं फुकट देतो तो मास्तरला. फुकट मिळालेल्या गाळ्याला आणि 'साहेबांच्या ओळखीनं' झालेल्या कर्जाला नंतर काय भाव पडतो, याचा अंदाज येतो. डॉ. लागूंचा मास्तर तरीही प्रश्न विचारायचं सोडत नाही, ते वेगळं.

सगळे एका दमात बघू नका. आधी 'फॅक्टरी', घरच्यांना घेऊन.

राहूच्या त्या पोराचा परवा फोन आला. पिक्चर अर्धाच झालाय म्हणाला. वाटाण्याचा सीन आला तसा बंद केला, आणि शेजारच्या गुऱ्हाळावरनं दहा किलो गूळ आणलाय, आधी तेवढ्याचीच पावडर करून दुकानांत दाखवणार आहे. मी विचारलं, "दहा किलोचे पैसे वहीत लिहिले का?"

"लिहिले सर. आईची दोन दिवसांची मजुरी पण."