मज्जारज्जूत काय शाबूत आहे?

मज्जारज्जूला इजा झालेला माणूस पुन्हा चालेल का, याचा अंदाज एमआरआयच्या चित्रावरून बराचसा बांधता येतो. इंदूरला हा विषय दूरचा नाही. आग्रा-मुंबई रस्ता शहरातून जातो आणि राऊ-खलघाट टप्प्यावरचा गणपती घाट अपघातांसाठी कुप्रसिद्ध ठरला. धार, झाबुआ, खरगोनकडचे जखमी महाराजा यशवंतराव रुग्णालयात, म्हणजे लोकांच्या तोंडच्या ‘एमवाय’मध्ये आणले जातात. १९४८ साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाचे हे रुग्णालय. वाहनांच्या अपघातांइतकेच छतावरून, झाडावरून पडणेही भारतात या इजेचे मोठे कारण आहे.

प्रौढ माणसाचा मज्जारज्जू सुमारे ४५ सेंटिमीटर लांब आणि जेमतेम करंगळीएवढा जाड असतो. मणका मोडून किंवा सरकून त्यावर दाब आला की काही तंतू जागीच तुटतात. पुढच्या तासांत आणि दिवसांत रक्तस्राव व सूज आणखी तंतू गिळतात. रुग्ण किती सुधारेल हे मुख्यतः शाबूत राहिलेल्या तंतूंवर ठरते.

ते जोखण्याची जुनी रीत म्हणजे हातांनी केलेली तपासणी. कोणत्या स्नायूत जोर आहे, टाचणीची टोच कुठवर कळते, गुदद्वाराजवळ संवेदना आहे का, हे पाहून रुग्णाला ‘ए’ ते ‘ई’ अशी श्रेणी दिली जाते. ‘ए’ म्हणजे अगदी शेवटच्या, गुदद्वाराजवळच्या मज्जातंतूंत संवेदना किंवा हालचाल काहीही शिल्लक नाही. ही तपासणी आजही पाया आहे आणि तिला पर्याय नाही. मात्र डोक्यालाही मार लागून रुग्ण बेशुद्ध असेल, किंवा श्वासनलिकेत नळी असेल, तर तो उत्तर देणार कसा? नेमके निर्णय घ्यायच्या वेळी ही रीत लंगडी पडते.

चित्र तेव्हा कामाला येते. एमआरआयच्या टी-२ प्रकारच्या चित्रात पाणी पांढरे दिसते, म्हणून सूज उजळ उमटते. ताजे साकळलेले रक्त काळे दिसते. या भेदावरून सुधारणेचा अंदाज बांधता येतो हे दाखवले ते १९८७ साली ‘रेडिऑलॉजी’ या नियतकालिकात एम. व्ही. कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी. मज्जारज्जूच्या मध्यभागी काळा डाग असेल तर आशा कमी, नुसती सूज असेल तर पुष्कळ, आणि दोन्हींचे मिश्रण असेल तर मधली. हे वर्गीकरण आजही कुलकर्णींच्याच नावाने शिकवले जाते. नंतरच्या अभ्यासांत डागाची लांबीही मोजली गेली: काही मिलिमीटरांचा रक्तस्राव आणि सेंटिमीटरभराचा रक्तस्राव यांचे भवितव्य एक नसते. २०१५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी आडव्या छेदावर शून्य ते चार असे गुण देण्याची सोपी पद्धत मांडली. शून्य म्हणजे चित्र स्वच्छ. चार म्हणजे पूर्ण जाडीभर सूज आणि शिवाय रक्तस्राव.

सर्वांत महत्त्वाचे काम मात्र झुरिकचे. तिथल्या संशोधकांनी जखमेऐवजी जखमेच्या पुढच्या-मागच्या बाजूला टिकून राहिलेल्या ऊतींच्या पट्ट्या मोजल्या. सुमारे महिन्याभराने सूज ओसरल्यावर उभ्या छेदात त्या स्पष्ट दिसतात. २०२४ साली झुरिक, मुर्नाऊ आणि डेन्व्हर या तीन केंद्रांतील मानेच्या इजा झालेल्या रुग्णांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. पट्टी जितकी रुंद, तितकी पुढच्या वर्षभरातली सुधारणा अधिक. आणि हातांनी केलेल्या तपासणीला या मापाची जोड दिली की अंदाज जास्त अचूक येतो, असे त्यात दिसले.

मर्यादाही आहेत. पहिल्या दिवशीचे चित्र आणि तिसऱ्या दिवशीचे चित्र सारखे नसते, कारण सूज वाढत असते. मणक्यात बसवलेले धातूचे स्क्रू चित्र बिघडवतात. तंतूंची दिशा टिपणारे नवे एमआरआय तंत्र आशादायक असले तरी अजून नेहमीच्या वापरात रुळलेले नाही. शिवाय असे सारे आकडे अनेक रुग्णांच्या समूहावरून निघतात. समोरच्या एका रुग्णाबद्दल ते फक्त शक्यता सांगतात.

म्हणून पहिल्या अहवालावरून ‘आता काही होणार नाही’ असा निकाल कोणी देऊ नये आणि नातेवाइकांनी तो अखेरचा मानू नये. एमआरआयची सीडी व तारीख असलेला अहवाल जपून ठेवावा, महिन्याभराने दुसरे चित्र काढायचे का हे डॉक्टरांना विचारावे. आणि अपघाताच्या जागी जखमीला उठवून बसवू नये. मान न हलवता सपाट, कडक फळीवरच न्यावे.