एकच माल वहीत दोनदा विकू नका

माल विकला की हिशेबपट्टी मिळते, ती आपण वहीत उतरवतो. पुढे बँकेत पैसे जमा झाले की तीच विक्री पुन्हा लिहिली जाते. हमाली-तोलाई कापून रक्कम थोडी कमी आलेली असते, म्हणून ती वेगळीच विक्री वाटते.

समजा, कांद्याच्या दोन खेपा गेल्या. दर खेपेला २० क्विंटल, भाव १५०० रुपये. हमाली-तोलाई सोडली तर विक्री ६०,००० रुपयांची. एक खेप दोनदा लिहिली की वही ९०,००० दाखवते. खर्च ७०,००० असेल तर वहीत २०,००० नफा अन् खरा तोटा १०,०००! अशा वहीच्या भरवशावर पुढच्या हंगामाचा बेत केला तर फसगत ठरलेलीच.

तेव्हा असे करा :

१. प्रत्येक विक्रीपुढे तारीख, अडत्याचे नाव, पट्टी क्रमांक, वजन व भाव लिहा.

२. जमा रकमेसाठी वेगळा रकाना ठेवा. पैसे येणे ही नवी विक्री नव्हे.

३. महिनाअखेर वही पट्ट्यांशी ताडून पाहा. अडत्या व पट्टी क्रमांक तोच असेल तर नोंद दुबार समजा. तिच्यावर एक रेघ मारून 'दुबार' लिहा. गिरवून टाकू नका.

४. नुसते वजन-भाव सारखे म्हणून नोंद काढू नका. वरच्या खेपा सारख्याच आहेत, पण पट्ट्या दोन आहेत.

संगणकावर हिशेब असेल तर दुबार ओळी काढण्याआधी मूळ नोंदींची नक्कल राखून ठेवा. पट्टी क्रमांकाचा रकाना नसेल तर संगणक खरी खेपही उडवू शकतो.