आजीची घंटा आणि दमदार पट्टी

मुलांनो, टॉर्चचे बटण दाबा आणि सोडा. बऱ्याच टॉर्चमध्ये आत एक छोटी पट्टी असते. बटण दाबले की ती वाकते आणि सोडले की परत जागेवर येते. अशी हजारो वेळा वाकूनही ती दमत कशी नाही? हा प्रश्न मला सातवीत असताना पडला, तोही एक चूक चांगलीच अंगाशी आल्यावर!

त्या पावसाळ्यात आजीचा पाय प्लॅस्टरमध्ये होता. रात्री तिला काही लागले तर हाका मारायला नकोत, म्हणून मी एक घंटा तयार केली. दोन सेल, एक बझर, थोडी वायर आणि लाकडी फळीवर स्क्रूने बसवलेली तांब्याची पट्टी. पट्टी दाबली की ती खालच्या दुसऱ्या स्क्रूला टेकायची आणि बझर वाजायचा. तांबे हे उत्तम वीजवाहक, असे विज्ञानाच्या पुस्तकात लिहिलेच होते. मग दुसरे काय घेणार?

दोन दिवस घंटा झकास चालली. तिसऱ्या रात्री आजीने पट्टी दाबून सोडली, पण ती वर आलीच नाही. बझर आपला कोकलतोय! शेवटी बाबांनी वैतागून वायर उपसली आणि सगळे झोपले. पहाटे आजीला पाणी हवे होते. तिने पट्टी दाबली, तर घंटा गप्प! ती स्वतःच उठायला गेली आणि तोल जाऊन पलंगाजवळ बसकण मारली. फारसे लागले नाही, पण मला रडूच फुटले.

मग मी बिस्किटांच्या डब्याचा पत्रा कापून बसवला. तो मस्त उसळायचा. पण दमट हवेने आठवड्याभरात त्याला गंज धरला. घंटा कधी वाजे, कधी नाही.

शेवटी शेजारचे काका मदतीला आले. विजेचे सॉकेट बनवणाऱ्या कारखान्यात ते प्रेसवर कामाला होते. माझी फळी बघून ते म्हणाले, "अरे, वीज जाते की नाही एवढंच बघितलंस तू. या पट्टीला दोन कामं आहेत. वीज न्यायची आणि उसळून परत यायचं. दोन्ही जमेल असा गडी हवा!" दुसऱ्या दिवशी त्यांनी कारखान्यातल्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून बोटभर लांबीच्या दोन तांबूस पट्ट्या आणून दिल्या. तो धातू होता फॉस्फर ब्राँझ.

कोण पास, कोण नापास?

मऊ तांब्याची वीजवाहकता १०० धरली, तर पितळेची साधारण २८ भरते आणि ५ टक्के कथील असलेल्या फॉस्फर ब्राँझची साधारण १५. म्हणजे वीज नेण्यात हा गडी तसा मागेच! पण बझरला वीज लागते थोडी आणि पट्टी असते आखूड. त्यामुळे तेवढ्याने काही बिघडत नाही. बिघडते ते पट्टीची पकड सैल झाली की. घरातल्या सॉकेटमध्ये पकड सैल झाली, तर जोड तापतो आणि काळा पडतो.

मग स्वस्त पितळ का नको? पितळ बऱ्याच ठिकाणी चालतेही. पण ताणाखाली असताना त्याला अमोनिया सोसत नाही. ब्रिटिश राजवटीत आपल्या देशात लष्कराची काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत ठेवली जात. पावसाळा संपल्यावर बघावे, तर त्यांची पितळी टोपणे तडकलेली! घोड्यांच्या मुतातून निघणाऱ्या अमोनियाचा हा प्रताप होता. हे कोडे १९२१ मध्ये उलगडले. फॉस्फर ब्राँझ अशा हवेत पितळेपेक्षा कितीतरी चांगले टिकते.

बेरिलियम घातलेले तांबे याहूनही दमदार असते. पण ते महाग, आणि त्याची धूळ फुप्फुसांना फार घातक. घरगुती उद्योगात ते नकोच.

कथील आणि फॉस्फरस

तांब्यात कथील मिसळले की झाले ब्राँझ. आजीच्या तळपायाला तूप चोळायची काशाची वाटी आठवते? काशात सुमारे २२ टक्के कथील असते. म्हणून ते टणकन वाजते, पण आपटले तर तडकते. स्प्रिंगच्या ब्राँझमध्ये कथील फक्त ५ ते ८ टक्के असते. म्हणून ते टणकही होते आणि वाकतेही.

तांब्यातले अणूंचे थर पत्त्यांच्या कॅटासारखे एकमेकांवरून सहज घसरतात. म्हणून तांबे वाकले की वाकलेलेच राहते. कथिलाचे अणू आकाराने मोठे. ते मध्ये मध्ये अडकून बसतात आणि थर सहजी घसरू देत नाहीत.

आणि फॉस्फरस? तो तर १०० ग्रॅममध्ये बहुधा पाव ग्रॅमसुद्धा नसतो. वितळलेल्या धातूत ऑक्सिजन शिरला, तर कथिलाच्या ऑक्साईडचे कठीण कण तयार होतात आणि धातू कमजोर होतो. फॉस्फरस ऑक्सिजनचा मोठा हावरट. तो ऑक्सिजन पकडून मळीबरोबर बाहेर नेतो.

माझी दुसरी चूक

पट्टी वाकवायला कडक गेली, म्हणून मी ती स्टोव्हवर लाल केली. मग ती लोण्यासारखी वाकली! पण दाबली तर तांब्यासारखी दबूनच राहिली.

काका हसले. "अरे, हिचा सगळा दमच घालवलास की! पोलाद तापवून पाण्यात बुडवलं की कडक होतं. हिचं तसं नाही. कारखान्यात थंड असतानाच रुळांखाली लाटून लाटून हिला कडक करतात. तू आग दाखवलीस, सगळं लाटणं फुकट!"

लाटल्यामुळे पत्र्याला 'दिशा'ही येते. वर्तमानपत्र फाडून बघा. एका दिशेने ते सरळ फाटते, दुसऱ्या दिशेने वेडेवाकडे. पत्र्याचेही थोडे तसेच. घडीची रेघ लाटण्याच्या दिशेला आडवी हवी. रेघ त्याच दिशेने घातली, तर कडक पट्टी घडीवर चिरते.

दुसरी पट्टी आम्ही मिळून बसवली. काकांनी ती खिळ्याभोवती गोलसर वाकवली, टोकदार घडी घातली नाही. हवी त्याहून जरा जास्तच वाकवली, कारण सोडल्यावर ती थोडी मागे येते. कापलेल्या कडा बारीक कानशीने गुळगुळीत केल्या, कारण चीर बहुतेक वेळा ओरखड्यापासूनच सुरू होते. भोक पाडताना खाली लाकूड ठेवले, पट्टी घट्ट आवळली आणि धारदार ड्रिल वापरले.

"लेथवर हा धातू फार छळतो," काका म्हणाले. लेथवर सहज कापल्या जाणाऱ्या शिसेमिश्रित पितळेला १०० गुण दिले, तर साध्या फॉस्फर ब्राँझला मिळतात जेमतेम २०. त्याचा कीस तुटत नाही, लांब चिवट दोऱ्यासारखा हत्याराला गुंडाळतो. सुमारे ४ टक्के शिसे घातलेल्या जातीत कीस तुटतो आणि गुण ८० पर्यंत जातात. म्हणून गोल सुटे भाग त्या जातीचे कातून करतात, आणि स्प्रिंगच्या पट्ट्या साध्या जातीच्या पत्र्यातून प्रेसवर छापून काढतात.

त्या रात्री घंटा वाजली आणि पट्टी सोडताच थांबली. आजीचे प्लॅस्टर निघेपर्यंत तिने एकदाही दगा दिला नाही. बरी झाल्यावर आजी म्हणाली, "ही फळी ठेव हो जपून. पुढे मलाच लागेल!"

तुम्हीही करून बघा

तांब्याच्या वायरचा आणि उघडून सरळ केलेल्या कागदाच्या क्लिपचा सारख्या लांबीचा तुकडा घ्या. जाडीही शक्यतो सारखी असू द्या. दोन्हींचे एक टोक पुस्तकाखाली दाबून ठेवा. दुसरे टोक आधी अर्धा सेंटिमीटर, मग एक, मग दोन असे दाबून सोडा. कोणता तुकडा किती अंतरापर्यंत पूर्ण परत येतो, ते वहीत लिहा. प्रयोग सेलवरच्या वस्तूंवर करा, घरातले सॉकेट मात्र कधीही उघडू नका. आणि धातू निवडताना आधी विचारा : याला कामे किती आहेत?