दोन ओपीडींच्या मधलं दूध

अंबरनाथ-बदलापूरकडे बाळंतिणीच्या हाताला छातीत गाठ लागली की पहिलं निदान सासूबाई करतात: दूध साकळलंय, शेक घे, बाळाला जास्त पाज. बहुतेकदा ते बरोबरही निघतं. पण पंधरा दिवसांत गाठ विरली नाही, तर सोनोग्राफी हवीच. त्यासाठी दूध तोडावं लागत नाही. मॅमोग्राफीसाठी नाही, बायॉप्सीसाठीही नाही.

खरा प्रश्न गाठ कर्करोगाची निघून केमो ठरल्यावर येतो. ही औषधं झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारतात, आणि तान्ह्या बाळाची अस्थिमज्जा, आतड्याचं अस्तर नेमकं तसंच वाढत असतं. सायक्लोफॉस्फमाइड घेणाऱ्या आयांच्या अंगावर पिणाऱ्या बाळांमध्ये पांढऱ्या पेशी घसरल्याच्या नोंदी १९७०च्या दशकापासून आहेत. डॉक्सोरुबिसिन, म्हणजे लघवीही लालसर करणारं ते लाल औषध, एका बाईच्या तपासणीत रक्तापेक्षा दुधात जास्त सापडलं होतं.

मग काही दिवस दूध काढून फेकायचं आणि पुन्हा पाजायचं, हे चालणार नाही का? कागदावर गणित सोपं आहे. औषध निम्मं व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा पाचदा गेला, की जेमतेम ३ टक्के उरतं. डॉक्सोरुबिसिनला निम्मं व्हायला २० ते ४८ तास लागतात, म्हणजे एकूण चार ते दहा दिवस. २१ दिवसांच्या चक्रात मधे जागा दिसते खरी. पण सोबतची औषधं आपापल्या वेळाने जातात, प्लॅटिनमवर्गातल्यांचे अंश तर फार रेंगाळतात, आणि दुधातली मोजमापं हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या बायकांची. म्हणून डॉक्टर सहसा केमोभर पाजू नका म्हणतात. मला ते पटतं. एवढंच सांगून थांबणं पटत नाही.

कारण उपचार परळच्या टाटा रुग्णालयात, बाळाचे डॉक्टर उल्हासनगरच्या कॅम्पात, आणि मधे तासा-दीड तासाची लोकल. दूध अचानक तोडलेली बाई लेडीज डब्यात चेंगरून उभी असते तेव्हा छाती दगड झालेली असते, ब्लाउज भिजतो. त्यात ताप भरला, तर तो दुधाचा की केमोचा, हे घरी ठरवण्याची सोय नाही. केमोत ताप म्हणजे तडक रुग्णालय. म्हणून पहिल्या सलाइनच्या आधीच विचारायचं: दूध हळूहळू कमी करायला किती दिवस आहेत, की आटवायची गोळी घ्यायची?

मग बाळाने प्यायचं काय? सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मानवी दूधपेढी सुरू केली. पण पेढीतल्या दुधावर पहिला हक्क अपुऱ्या दिवसांच्या, आजारी बाळांचा. बदलापूरच्या पाच महिन्यांच्या धडधाकट बाळाच्या वाट्याला पावडरच येते. ती उकळलेल्या पाण्यात, डब्यावरच्या मापानेच कालवायची. महाग म्हणून पातळ केली की बाळाचं वजन अडतं.

केमो संपल्यावर पुन्हा पाजता येईल का, हे गाठीच्या प्रकारावर. हार्मोनवर वाढणारी असेल तर पुढे रोज टॅमॉक्सिफेन, बहुधा पाच वर्षं. ती गोळी दूध कमी करते आणि चालू असताना पाजत नाहीत. तोवर बाळ शाळेत जायला लागलेलं असतं.